बसकी ओळ

पानिपतात राहतो असं सांगितलं की नागपूरकडची आमची माणसं हसायची. लग्नाकार्यात कुणी ना कुणी बाबांना विचारायचंच, काय हो, अजून पानिपत चालूच आहे का तुमचं? बाबा हसून मान डोलवायचे, त्यांना सवय होती. दिल्लीतल्या एका केंद्रीय कार्यालयात ते कारकून. बदली होऊन आले तेव्हा सरकारी क्वार्टरची यादी लांबलचक आणि दिल्लीचं भाडं डोईजड, म्हणून रोज गाडीने येणाऱ्या एका सहकाऱ्याच्या सल्ल्याने त्यांनी पानिपतात दोन खोल्या घेतल्या. दोन-तीन वर्षांसाठी म्हणून घेतल्या. मग आईला तिथे काम लागलं, आणि पुढे क्वार्टर मिळालं तरी आम्ही हललो नाही. सरकारी नोकरी बाबांची, पण आम्ही राहायचं कुठे हे आईच्या नोकरीने ठरवलं. ही गोष्ट आमच्याकडे कुणी बोलून दाखवत नसे आणि कुणी विसरतही नसे.

सकाळी जाग यायची ती दोन आवाजांनी. समोरच्या गल्लीतले यंत्रमाग रात्रपाळी संपवून क्षणभर थांबायचे, आणि त्या शांततेत आईच्या भाकरीची थाप ऐकू यायची. ज्वारीचं पीठ पानिपतात चांगलं मिळत नाही असं तिचं ठाम मत होतं, त्यामुळे वर्षातून एकदा नागपूरहून ज्वारीचं पोतं यायचं आणि बाबा स्टेशनवरून ते हमालाशी वाद घालत आणायचे. तव्यावरची भाकरी उलटून झाली की आई हात धुऊन भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीसमोर उभी राहायची, वंदना पुटपुटायची, आणि मग चार डबे भरायची. बाबांचा एक, माझा एक, तिचा एक आणि कमलेशमावशीचा एक. कमलेशमावशी म्हणजे आईच्या कारखान्यातली तिची जोडीदारीण, जवळच्या खेड्यातली, नवरा गेलेला, पदरी दोन मुली. आईच्या झुणक्यावर तिचा भारी जीव. तो डबा संध्याकाळी परत यायचा तेव्हा त्यात कधी बाजरीच्या पोळीचा चुरमा असायचा, कधी लोण्याचा गोळा, काहीच नसलं तर गुळाचा खडा. भरलेला डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत आमच्याकडेही होती आणि त्यांच्याकडेही. त्यामुळे ती कुणी कुणाला शिकवावी लागली नाही.

आईचं काम होतं कापड तपासण्याचं. परदेशात जाणारे टॉवेल विणणारा कारखाना होता तो. खालून दिवे लावलेलं लांब काचेचं टेबल, त्यावरून कापड हळूहळू सरकत जायचं, आणि टेबलाशी उभ्या अकरा बायका उजव्या हाताची बोटं कापडावर टेकवून त्यातले दोष शोधायच्या. डाव्या हातात लाल बाणांच्या स्टिकरांचा कागद. गाठ दिसली, तेलाचा डाग दिसला, निसटलेला धागा दिसला, की लाव बाण. हे सगळे दोष डोळ्यांना दिसतात, महिनाभरात कुणीही शिकतं. पण एक दोष असा होता की तो डोळ्याला दिसायचाच नाही. टॉवेलच्या उभ्या फासांची एखादी आडवी ओळ इतरांपेक्षा किंचित बसकी असायची. नव्या कापडात ती कळतच नाही. पहिल्या धुण्यात मात्र तिथे टक्कल पडल्यासारखी पट्टी उमटते आणि सगळा माल परत येतो. या बायका तिला बसकी ओळ म्हणायच्या, म्हणजे आई म्हणायची आणि तिचं ऐकून त्या हरयाणवी बायकाही तसंच म्हणायला लागल्या होत्या. बसकी ओळ फक्त बोटाला कळायची, आणि आईच्या बोटाला सगळ्यात आधी कळायची.

हे बोट तिच्याकडे आजोबांकडून आलं. ते नागपूरच्या एका गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा आई शाळेत होती. त्यानंतर आजोबा ओसरीवर बसून हाती येईल ते कापड बोटांनी चाचपत बसायचे आणि मुलीलाही चाचपायला लावायचे. त्या सवयीचा मला मात्र लहानपणी वैताग यायचा. करोल बागेत आम्ही खरेदीला जायचो तेव्हा दुकानदाराने साडी उलगडली की ही बाई डोळे मिटून तिच्यावरून हात फिरवायची आणि एका जागी थांबून म्हणायची, "भैया, यहाँ." तिथे हमखास काहीतरी निघायचं. दुकानदार वरमायचा आणि मी मान वळवून दुसरीकडे बघायची. मला तेव्हा वाटायचं, जगातल्या सगळ्या आया साडीचा रंग बघतात, माझीच मेली दोष का बघते.

मी बारावीनंतर कॉम्प्युटरचा एक कोर्स करून घरी बसले होते तेव्हा कारखान्यात कॅमेरे आले. गुडगावची एक छोटी कंपनी होती, तिचा निशांत नावाचा तरुण इंजिनिअर सामान घेऊन आला आणि त्याने प्रत्येक टेबलावर एकेक कॅमेरा टांगला. यंत्राला दोष ओळखायला शिकवायचं होतं. त्या काळात लोक 'एआय' हा शब्द आवाज जरा खाली आणून उच्चारायचे, एखाद्या मोठ्या साहेबाबद्दल बोलावं तसा. कारखान्याचे मॅनेजर गुलाटीजी यांनी बायकांना सांगितलं की मशीन फक्त मदतीला आहे, घाबरायचं कारण नाही. ते असं म्हणाले आणि त्या दिवसापासून सगळ्या घाबरल्या. यंत्राला शिकवायचं म्हणजे बायकांनी रोजच्यासारखे बाण लावायचे आणि त्यांच्या चित्रफितीवर, जिथे जिथे लाल बाण असेल तिथे कुणीतरी चौकट काढायची. चौकटी काढायला माणूस हवा होता. आईने शब्द टाकला आणि ते काम मला मिळालं. आपल्याच हाताने तिने मला त्या खुर्चीवर बसवलं.

माझी खुर्ची वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत होती. खाली खरी आई दिसायची आणि समोर पडद्यावर आदल्या दिवशीची, म्हणजे नुसते तिचे हात. काळ्या पडलेल्या नखाचं तिचं करंगळीशेजारचं बोट, बांगडी मागे सारून मनगटाला बांधलेला रुमाल. दिवसभर मी तेच हात बघायची. लाल दिसलं की चौकट, लाल दिसलं की चौकट. असा आठवडाभर गेला असेल आणि मग मला ते दिसलं. आईची बोटं कापडावरून सरळ जात होती, मध्येच थांबली, डोळ्याचं पातं लवतं तेवढाच वेळ, आणि पुढे गेली. बाण लावला नाही. मी फीत मागे नेली. पुन्हा बघितलं. मग कमलेशमावशीची फीत लावली. तिचीही बोटं थांबत होती आणि तिनेही बाण लावला नव्हता. संध्याकाळपर्यंत मी अकराही जणींच्या फिती बघितल्या. सगळ्यांचं तेच होतं.

दुसऱ्या दिवशी गोदामातल्या कापणाऱ्या माणसाला काहीतरी थाप मारून मी त्याच थानातला, म्हणजे ताग्यातला, जिथे आईची बोटं थांबली होती तो तुकडा मागून आणला. माझ्या बोटाला काहीच कळलं नाही. घरी येऊन तो गरम पाण्यात धुतला आणि गच्चीवरच्या तारेवर टाकला. वाळता वाळता त्याच्या मधोमध एक टकली पट्टी वर आली. आई कामावरून आली, गच्चीवर कपडे काढायला गेली आणि बराच वेळ खाली उतरलीच नाही. मी वर गेले तेव्हा ती तो तुकडा हातात धरून उभी होती.

कुठून आणलास म्हणून तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. तुझी बोटं थांबली, मी बघितलं, असं म्हटल्यावर तिने चमकून स्वतःच्या हाताकडे बघितलं. तिला खरंच माहीत नव्हतं. अकराजणींनी मिळून ठरवलं होतं की बाकीचे सगळे दोष दाखवायचे, बसक्या ओळीवर बाण लावायचा नाही. यंत्राला ती ओळ कळलीच नाही तर यंत्र कुचकामी ठरेल आणि निशांत आपलं सामान घेऊन गुडगावला परत जाईल. बाण न लावणं त्यांच्या हातात होतं. पण वर्षानुवर्षं त्या ओळीवर थांबलेली बोटं पुढे कशी न्यायची हे एकीलाही जमलं नव्हतं, आणि आपण थांबतो हेही एकीला कळलं नव्हतं.

मी म्हटलं, "आई, पण खराब माल तुझ्या हातून पास होतोय. तूच म्हणतेस ना, असं कधी होऊ दिलं नाही म्हणून?"

"मला काय बरं वाटतं का?" ती म्हणाली. "आठ दिवस झाले, घास गिळवत नाही मला. पण आपल्याला तुझ्या बाबांचा पगार आहे, प्रज्ञा. कमलेशला काय आहे?" तुकड्याची तिने चार वेळा घडी घातली, अगदी लहान होईपर्यंत. "तू चौकटी काढ. लाल दिसेल तिथेच काढ. बोटांकडे बघू नकोस."

खाली बाबा जेवायला वाट बघत होते. गोळाभात होता, माझ्या आवडीचा, पण घासागणिक मला बोटं थांबताना दिसत होती. बाबांना काहीतरी बिनसलंय हे कळलं असावं. त्यांनी चेष्टेने आईला विचारलं, काय, मशीनने तुला हरवलं की काय? ती म्हणाली, अजून नाही.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. निशांत माझ्या मागच्याच खुर्चीवर बसायचा. मोकळा मुलगा होता, "अरे यार, तुम तो बहुत फास्ट हो" म्हणून माझं कौतुक करायचा, बिस्किटांचा पुडा पुढे करायचा, आणि पडद्यावर आईची बोटं थांबली की मला वाटायचं, आता याला दिसेल, आता दिसेल. त्याला कधीच दिसलं नाही, कारण तो लाल बाण बघायचा. हात कशाला बघेल कुणी? मी त्या फिती भरभर पुढे ढकलायला लागले. एकदा त्याने विचारलं की इतकी घाई कशाला, तर मी चहाला जायचंय असं काहीतरी सांगितलं. खोटं बोलायची मला सवय नव्हती, कानाच्या पाळ्या तापायच्या. संध्याकाळी सुटताना कमलेशमावशी माझ्याकडे टक लावून बघायची. आईने तिला सांगितलं असणार. एक दिवस तिने डब्यातून चुरमा पाठवला तो दुपटीने जास्त होता. तो मला गिळवेना.

परीक्षेचा दिवस ठरला. गुलाटीजींनी एक थान बाहेरच्या प्रयोगशाळेतून तपासून आणलं होतं, त्यात कुठे काय दोष आहे याची यादी त्यांच्या खिशात. यंत्रालाही ते थान दिलं आणि बायकांनाही. दुपारी काचेच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. अकराजणी दाराशी गर्दी करून उभ्या राहिल्या, आई सगळ्यांत पुढे. गुलाटीजींनी यादी वाचली. डाग, गाठी, धागे, सगळे यंत्राने पकडले होते आणि बायकांनीही. बसक्या ओळी सात होत्या. यंत्राने एकही पकडली नव्हती आणि बायकांनीही एकही पकडली नव्हती.

गुलाटीजी निशांतला म्हणाले की आवर तुझं सामान, ज्यांना स्वतःलाच दिसत नाही त्या मशीनला काय शिकवणार. नव्या मुली शिकवायला दोन वर्षं जातील, तोवर याच म्हाताऱ्यांवर चालवून घ्यायचं. निशांतचा चेहरा पडला. दाराशी उभ्या बायका हलल्या नाहीत, पण कमलेशमावशीने शेजारणीचं मनगट घट्ट धरलेलं मी बघितलं. त्या जिंकल्या होत्या. आता फक्त मान खाली घालून जिना उतरायचा होता. तेवढ्यात गुलाटीजी आईकडे वळले. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना खरोखर दुःख झालं असावं, आणि म्हणूनच त्यांचं बोलणं जास्त लागलं.

"मराठन, तेरे भरोसे मैं आँख मूँदकर माल भेजता था," ते म्हणाले. "उँगलियाँ गईं तेरी. अब तू घर बैठ, रोटी बना."

आईने मान खाली घातली. ती सहन करू शकत होती. तिने ठरवलंच होतं सहन करायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा खातात ते मी त्या क्षणी बघितलं आणि मला ते बघवलं नाही. तिच्या रुमाल बांधलेल्या मनगटाकडे बघता बघता माझ्या डोळ्यांसमोर करोल बागेतले सगळे दुकानदार आले, ज्यांच्यासमोर मी तिची लाज वाटून मान वळवली होती. आज मी मान वळवणार नव्हते. असलं काहीतरी थोर माझ्या मनात आलं असावं. एकोणीस वर्षांची होते. मी त्याच परीक्षेच्या थानाची आईची फीत लावली, मोठ्या पडद्यावर. आईची बोटं सरकली आणि थांबली. मी गुलाटीजींच्या हातातल्या यादीवर बोट ठेवलं. पुन्हा सरकली, थांबली. मी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. अशी सातही वेळा.

"सर, इनसे एक भी नहीं छूटा," मी म्हटलं. माझा आवाज अभिमानाने कापत होता, हे मला आजही स्पष्ट आठवतं.

मग निशांत हळूच खुर्चीवरून उठला आणि पडद्याजवळ गेला. त्याने विचारलं, बाकी सबके भी रुकते हैं? त्याच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं, हरवलेली वस्तू सापडलेल्या मुलाचा आनंद होता. तेव्हा कुठे मला कळलं की मी काय केलं. मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती पडद्यावरच्या स्वतःच्या बोटांकडे बघत होती, जणू ती दुसऱ्याच कुणाची होती आणि त्यांनी तिचा घात केला होता.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. बाण सोडून आता थांबलेल्या बोटांवर चौकटी काढायच्या होत्या आणि त्याही मीच काढल्या. नाही म्हणता आलं असतं. मी नाही म्हटलं नाही, कारण मी न काढल्या तर दुसरं कुणी काढेल असं मी स्वतःला समजावलं. पुढे आयुष्यभर ही समजूत मला फार उपयोगी पडली. दीड-दोन महिन्यांत यंत्र बसकी ओळ ओळखायला लागलं. अकराजणींतल्या दोघी ठेवायच्या असं ठरलं, यंत्राला शंका येईल तिथे हात लावून बघायला. त्यातली एक जागा गुलाटीजींनी आईला देऊ केली, माफीही मागितली. आई म्हणाली की माझ्याऐवजी कमलेशला ठेवा. ते म्हणाले, मराठन, ये तेरे घर का डिब्बा नहीं है कि किसी को भी दे दे. आईने जागा नाकारली. दोन्ही जागा सगळ्यांत तरुण दोघींना मिळाल्या.

बाबा या सगळ्यात एकदाच बोलले. जित्याची खोड, ते म्हणाले, आणि त्यांना आईची म्हणायची होती की माझी, ते मी विचारलं नाही. त्या दोन महिन्यांत आईने मला एका शब्दाने बोल लावला नाही. भाकरीची थाप तशीच यायची, डबे तसेच चार भरले जायचे. ती रागावली असती, एक थोबाडीत दिली असती, तर मी सुटले असते. निशांतच्या कंपनीने पुढे मला गुडगावला बोलावून घेतलं आणि तिथून माझं जे काही झालं ते चांगलंच झालं. घर झालं, पोरांची शिक्षणं झाली. आता आई तेव्हा होती त्याहून मी पुष्कळ म्हातारी आहे. कमलेशमावशीच्या मुलींचं काय झालं ते मला माहीत नाही. चौकशी करणं अवघड नव्हतं. धीर झाला नाही.

आईचा शेवटचा दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो. फाटकापाशी बायका एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. मी लांब उभी होते. कमलेशमावशी आईपाशी आली, पिशवीतून आमचा स्टीलचा डबा काढला आणि आईच्या हातात दिला. मावशी माझ्याकडे न बघता तिच्या गावाच्या रिक्षाकडे निघून गेली. आम्ही आमच्या रिक्षात बसलो. आईने मांडीवर ठेवलेला डबा उघडला. आत स्वच्छ घासलेला, कोरडा तळ होता. तिने झाकण लावलं.

रेल्वेचं फाटक बंद होतं, रिक्षा बराच वेळ उभी राहिली. गाडी जाईपर्यंत आई समोर बघत होती. मग परीक्षेच्या त्या दुपारनंतर पहिल्यांदाच तिने तो विषय काढला.

"प्रज्ञा, इतक्या दिवसांच्या फिती बघितल्यास तू," ती म्हणाली. "माझं एकही सुटलं नाही?"

"नाही," मी म्हटलं. "एकही नाही."

तिने मान हलवली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी आलं आणि ते तिने लगेच आवरलं, पण मी बघितलं, आणि त्याबद्दल मी तिला आणि स्वतःला अजून माफ करू शकलेले नाही. फाटक उघडलं. रिक्षा सुरू झाली तशी तिने पुन्हा डबा उघडला, आत हात घातला आणि तळावरून, कडेकडेने, हळूहळू बोट फिरवून बघितलं.